कौल घेतला, पाळला नाही: केनियाच्या उत्तर सीमेवरचे सोमाली

१९६२ च्या ऑक्टोबरात दोन परदेशी गृहस्थ केनियाच्या उत्तरेकडच्या रखरखीत मुलखात सभा घेत फिरत होते. एक नायजेरियाचे कायदेपंडित जी. सी. एम. ओन्यिउके, दुसरे कॅनडाच्या लष्करातले मेजर जनरल एम. पी. बोगर्ट. ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर एकच काम सोपवलं होतं: केनिया स्वतंत्र होण्याआधी इथल्या लोकांच्या मनात काय आहे ते विचारून या. मतपेट्या नव्हत्या, मतपत्रिकाही नव्हत्या. लोक जमायचे, आपापल्या जमातीचे प्रवक्ते पुढे करायचे, निवेदनं द्यायचे. डिसेंबरात अहवाल आला. सोमालींपुरता तरी तो अगदी स्वच्छ होता. त्यांना जवळजवळ एकमुखाने केनियातून बाहेर पडायचं होतं आणि पुढे सोमाली प्रजासत्ताकात सामील व्हायचं होतं.

तीन महिन्यांत ब्रिटनने याच्या नेमका उलट निर्णय दिला. तो मुलूख आजही केनियात आहे.

आफ्रिकेच्या नकाशावर युरोपियनांनी पट्टीने रेघा ओढल्या, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. नॉर्दर्न फ्रंटिअर डिस्ट्रिक्ट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी रुळलेलं 'एनएफडी', या प्रकरणात मात्र रेघेपेक्षा जास्त छळलं ते रेघेच्या आतल्या कायद्यांनी. साहेब गेला तेव्हा सीमा मागे राहिली, तशा त्याच्या फायलीही मागे राहिल्या. नव्या सरकारने त्या उघडल्या आणि त्याच माणसांवर चालवल्या. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवावं.

कुलूपबंद मुलूख

एनएफडीत सहा जिल्हे होते: गारिसा, वजीर, मंडेरा, मोयाले, मार्साबिट आणि इसिओलो. क्षेत्रफळाने केनियाच्या एक-तृतीयांशाहून मोठा प्रदेश, पाऊस मात्र नावाला. उंट, गुरं, शेळ्यामेंढ्या घेऊन पावसामागे फिरणं हीच इथली शेती आणि हाच व्यापार. ओगादेन, देगोडिया, अजुरान, गर्रे अशी सोमाली कुळं इथे होती, तशीच ती सीमेपलीकडेही होती. विहीर एका देशात आणि कुरण दुसऱ्या देशात, ही अनेकांची रोजची अवस्था.

ती सीमाही एका जागी टिकली नाही. आधी ती जुबा नदीवर होती. पहिल्या महायुद्धात इटली दोस्तांच्या बाजूने उतरली, त्याची बक्षिशी म्हणून ब्रिटनने १९२५ मध्ये किस्मायोसह जुबालँड तिला देऊन टाकलं आणि रेघ पश्चिमेकडे सरकली. तिथल्या लोकांना यातलं काही विचारायची पद्धत तेव्हा नव्हती.

ब्रिटिशांना या मुलखात रस नव्हता. त्यांचा जीव अडकला होता दक्षिणेकडच्या रेल्वेत आणि गोऱ्या शेतकऱ्यांच्या थंड हवेच्या डोंगराळ जमिनीत. एनएफडीचं काम एवढंच की इथिओपिया आणि इटली यांना तिथपासून लांब ठेवायचं, तेही कमीत कमी खर्चात. मग १९०२ च्या सीमावर्ती जिल्ह्यांच्या कायद्याने हा भाग 'बंद' ठरवण्याची सोय झाली. परवान्याशिवाय आत यायचं नाही. १९३४ च्या विशेष जिल्ह्यांच्या कायद्याने आतल्यांच्या हालचालीवरही पकड घट्ट केली. कोणत्या कुळाने कुठपर्यंत चारायचं याच्या हद्दी आखल्या गेल्या. एकाने गुन्हा केला तर दंड अख्ख्या कुळाला, आणि तो वसूल व्हायचा उंटांच्या रूपात. शाळा, दवाखाने, रस्ते यांचं नाव नव्हतं.

वजीरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी मात्र एक क्लब काढला होता. नाव, रॉयल वजीर यॉट क्लब. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आजूबाजूला पांढरी चुनखडी आणि काटेरी झुडपं, आणि हे शिडाच्या नौकांचा क्लब चालवतायत! साहेबी विनोद म्हणून तो चांगलाच आहे. पण ज्या गावात स्थानिक माणसाला जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता, तिथे राज्यकर्ते आपल्या नेमणुकीकडे कसं बघत होते, हेही त्यातून कळतं.

इथे एक उपकथा सांगितलीच पाहिजे. केनियात राहणारे सगळेच सोमाली एनएफडीतले नव्हते. ब्रिटिश सोमालीलँडमधून, म्हणजे १८९८ पर्यंत एडनमार्फत हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत असलेल्या प्रदेशातून, इसाक कुळातले लोक शिपाई आणि व्यापारी म्हणून केनियात आले होते. वसाहतीच्या उतरंडीत वर युरोपियन, मध्ये आशियाई म्हणजे मुख्यतः आपल्याकडून गेलेली मंडळी, आणि तळाला आफ्रिकी. इसाकांचं म्हणणं होतं की आम्हाला आशियाई धरा. १९३० च्या दशकात त्यांनी यासाठी आंदोलन केलं, ते आशियाईंच्या दराने, म्हणजे जास्त, डोईपट्टी भरू द्या म्हणून! वाढीव कर मागणारं आंदोलन जगात विरळाच. पण दाखल्यावर कोणता शिक्का आहे यावर बाजारात दुकान घालता येईल की नाही आणि पोलिस दारात अडवील की नाही हे ठरत असेल, तर माणूस पैसे मोजून शिक्का विकत घेईल. केनियाच्या इतर आफ्रिकी पुढाऱ्यांच्या मनात मात्र 'हे स्वतःला आमच्यातले समजत नाहीत' ही अढी बसली. ती पुढे एनएफडीतल्या सोमालींनाही भोवली, ज्यांचा त्या आंदोलनाशी संबंध नव्हता.

पाच टोकांचा तारा

१९४३ मध्ये मोगादिशूत सोमाली तरुणांची एक संघटना सुरू झाली. तीच पुढे सोमाली युथ लीग. सगळे सोमाली एका राज्याखाली आणायचे, हा तिचा कार्यक्रम. एनएफडीत तिच्या शाखा निघाल्या आणि १९४८ मध्ये केनिया सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. गंमत अशी की १९४६ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी स्वतःच सोमाली प्रदेश एकत्र करण्याची योजना मांडली होती. तिच्यात इटलीची जुनी वसाहत होती, इथिओपियाच्या हक्कातला भाग होता. स्वतःच्या केनियातला एनएफडी तेवढा नव्हता.

जून-जुलै १९६० मध्ये ब्रिटिश आणि इटालियन सोमालीलँड स्वतंत्र होऊन एकत्र आले. नव्या निळ्या झेंड्यावर पांढरा तारा, पाच टोकांचा. दोन टोकं मिळाली होती. उरलेली तीन म्हणजे जिबूती, इथिओपियातला ओगादेन प्रदेश आणि एनएफडी. शेजाऱ्याच्या झेंड्यावरच आपल्या जमिनीचा दावा फडकत असेल तर नैरोबी आणि आदिस अबाबाने दचकणं स्वाभाविक होतं. सोमालियाच्या नेत्यांनी या भीतीचा कधी नीट विचार केला असं दिसत नाही.

एनएफडीत राजकीय पक्षांना मोकळीक मिळताच नॉर्दर्न प्रोव्हिन्स पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टी हा विलगीकरणवादी पक्ष उभा राहिला. १९६२ च्या सुरुवातीला लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये केनियाच्या घटनेची परिषद भरली. तिथे एनएफडीच्या शिष्टमंडळाने मागणी ठेवली: केनिया स्वतंत्र होण्याआधी आम्हाला वेगळं करा. नंतर नको, कारण नंतर आमचं कोण ऐकणार? वसाहतमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी लोकमत अजमावण्यासाठी स्वतंत्र आयोगाचं आश्वासन दिलं. ओन्यिउके आणि बोगर्ट आले ते या आश्वासनापोटी.

त्यांचा अहवाल नीट वाचला तर तो 'सगळा एनएफडी सोमालियाला हवा' असं म्हणत नाही. पूर्वेकडच्या सोमाली पट्ट्यात बाहेर पडण्याच्या बाजूने जवळजवळ एकमत होतं. इसिओलो आणि मोयालेच्या बाजूला मत फाटलेलं होतं. बोराना या तिथल्या दुसऱ्या जमातीतले मुसलमान बहुतांशी सोमालींबरोबर, इतर बोराना आणि ख्रिस्ती किंवा पारंपरिक धर्माचे लोक केनियाबरोबर. मार्साबिटकडे केनियाची बाजू जड. म्हणजे अख्खा प्रदेश उचलून सोमालियाला दिला असता तर तिथे नवे नाराज अल्पसंख्य तयार झाले असते. पण मग गारिसा, वजीर, मंडेरा या तीन जिल्ह्यांचं काय? तिथे तर शंकेला जागाच नव्हती.

८ मार्च १९६३ रोजी नवे वसाहतमंत्री डंकन सँडिस यांनी नैरोबीत जाहीर केलं की सोमालीबहुल भागाचा केनियातच सातवा प्रदेश, ईशान्य प्रदेश, केला जाईल. सोमालियाने त्याच महिन्यात ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. ऑगस्टमध्ये रोमला बोलणी झाली, ती निष्फळ ठरली. ब्रिटनची भूमिका एव्हाना अशी की हा प्रश्न आता केनियाच्या भावी सरकारने सोडवावा. ज्या सरकारपासून सुटका हवी त्याच्याकडेच अर्ज करा, असा याचा अर्थ.

ब्रिटन असं का वागलं याचं गूढ नाही. केनियाचे दोन्ही मोठे पक्ष, कानू आणि काडू, इतर सगळ्या बाबतीत भांडत होते. एनएफडी सोडायचा नाही यावर मात्र त्यांचं एकमत. जोमो केन्याटांनी १९६२ मध्ये मोगादिशूला जाऊनही हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे असंच सांगितलं. गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी, ब्रिटिश भांडवल, लष्करी सोयी या सगळ्यासाठी लंडनला नैरोबीची मर्जी हवी होती. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासीही विरोधात, कारण एनएफडी गेला तर उद्या ओगादेन. दुसऱ्या पारड्यात काय होतं? उंटवाल्यांना दिलेला शब्द.

केनियाच्या नेत्यांचं उत्तर थोडक्यात असं: ज्यांना सोमालियात राहायचंय त्यांनी खुशाल जावं, जमीन इथेच राहील. स्वयंनिर्णयाचा हक्क माणसाला आहे, जमिनीला नाही, असा हा युक्तिवाद. ऐकायला चलाख आहे. पण मालमत्ता म्हणजेच चरणारी जनावरं, अशा माणसाला कुरण सोडून जा म्हणणं म्हणजे त्याला रिकाम्या हाताने हाकलणं. मे १९६३ मध्ये आदिस अबाबाला आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी कैरोत तिने वसाहतकाळातल्या सीमा जशाच्या तशा मानण्याचा ठराव केला. त्यामागे खरी भीती होती. एक सीमा उसवली तर अख्खं खंड उसवेल. सोमालियाने तो ठराव मानला नाही आणि तो एकटा पडला.

आणीबाणी

जून १९६३ मध्ये इसिओलोचे पहिले आफ्रिकी जिल्हा आयुक्त दाउदी डबासो वाबेरा आणि स्थानिक प्रमुख हाजी गल्मा डिडो यांची हत्या झाली. दोघेही विलगीकरणाच्या विरोधात लोकांना समजावत होते. नैरोबीत आज वाबेरांच्या नावाचा रस्ता आहे. बंडखोरांची बाजू मांडताना ही हत्या बरेचदा गाळली जाते, ते बरोबर नाही.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. दोन आठवडे होतात न होतात तोच ईशान्य प्रदेशात आणीबाणी लागू झाली. पुढची चार वर्षं जी लढाई चालली तिला सरकारने नाव दिलं 'शिफ्टा', म्हणजे दरोडेखोर, युद्ध. शस्त्रं आणि आसरा सोमालियातून येत होता. रस्त्यांवर भूसुरुंग पेरले जाऊ लागले. सरकारी हिशेबानेच मृतांचा आकडा दोन हजारांवर जातो.

१९६६ मध्ये सरकारने भटक्या लोकांना पहाऱ्यातल्या वस्त्यांमध्ये कोंडलं. कळप चरायला जाऊ शकत नव्हते. जनावरं मेली, जप्त झाली, गोळ्या घालून मारली गेली. हीच युक्ती ब्रिटिशांनी १९५४ मध्ये माउ माउ या वसाहतविरोधी बंडाच्या वेळी किकुयू जमातीवर वापरली होती, लाखोंच्या संख्येने. केन्याटा स्वतः किकुयू, ब्रिटिशांच्या कैदेत राहिलेले. त्यांच्याच सरकारने ती पुन्हा वापरली.

आणि कायदे? १९६६ च्या नियमावलीने या भागात विनावॉरंट झडती आणि अटक करता येऊ लागली. शस्त्र बाळगणं हा देहदंडाचा गुन्हा झाला. एक तरतूद मला सगळ्यात भयंकर वाटते: पोलिसांच्या किंवा सैन्याच्या हातून कोणी मेलं तर चौकशी करण्याचं जे बंधन उरलेल्या देशात होतं, ते इथे लागू नव्हतं. पुढे १९७० च्या कायद्याने १९६३ ते १९६७ दरम्यान या भागात सुरक्षा दलांनी केलेल्या कृत्यांना संरक्षण दिलं. म्हणजे मेलेल्याची नोंद नाही आणि मारणाऱ्यावर खटला नाही. बंद जिल्ह्याच्या जुन्या कायद्याशी हे पडताळून पाहिलं की नातं लगेच दिसतं. फरक एवढाच की ब्रिटिश उंट नेत होते.

ऑक्टोबर १९६७ मध्ये झांबियाचे केनेथ काउंडा यांच्या मध्यस्थीने टांझानियातल्या अरुशात केन्याटा आणि सोमालियाचे पंतप्रधान मोहम्मद इब्राहिम एगल यांचा समझोता झाला आणि युद्ध संपलं. एनएफडीचे लोक त्या टेबलावर नव्हते. आणीबाणीचे नियमही मागे घेतले गेले नाहीत. ते १९९१ पर्यंत चालले.

वगाला

देगोडिया आणि अजुरान यांच्यात विहिरी-कुरणांवरून चकमकी होत होत्या. सरकारने शस्त्रं जमा करण्याची मोहीम काढली. १० फेब्रुवारी १९८४ च्या पहाटे वजीरच्या आसपासचे देगोडिया पुरुष घराघरांतून उचलून गावापासून काही मैलांवरच्या वगालाच्या धावपट्टीवर नेण्यात आले. त्यांना कपडे उतरवायला लावले, तापलेल्या जमिनीवर पालथं झोपवलं. पाणी नाही, अन्न नाही, असे चार दिवस. ज्यांनी नकार दिला त्यांना गोळ्या घातल्या. शेवटी लोक उठून पळू लागले तेव्हा सरसकट गोळीबार झाला.

सरकारने मृतांचा आकडा सांगितला ५७. सत्यशोधन आयोगाने २०१३ च्या अहवालात तो हजाराच्या जवळ नेला. वाचलेले लोक कित्येक पटींनी जास्त सांगतात. वजीरमध्ये क्षयरोग्यांसाठी काम करणाऱ्या इटालियन समाजसेविका ॲनालेना टोनेल्ली यांनी जखमींना वाचवलं आणि ही बातमी बाहेर पोचवली. त्यांना केनिया सोडावा लागला. वजीर पश्चिमचे खासदार अहमद खलिफ यांनी संसदेत आवाज उठवला.

हे विलगीकरणाचं बंड चिरडताना घडलेलं नाही, हे लक्षात घ्या. बंड संपून सोळा वर्षं उलटली होती. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८२ चा लष्करी उठाव मोडून राष्ट्राध्यक्ष मोई यांची खुर्ची वाचवणारे जनरल महमूद मोहम्मद हे केनियन सोमालीच होते. तरी १९८९ मध्ये फक्त सोमालींची छाननी झाली. कूळ सांगा, पूर्वज सांगा, अधिकाऱ्यांपुढे सिद्ध करा. मग गुलाबी कार्ड. ओळखपत्र सगळ्यांकडे होतंच, हे त्यावर आणखी एक.

हिशेब

सोमाली पक्ष रास्त आणि बाकी सगळे अन्यायी, अशी सरळ मांडणी करून हे प्रकरण मिटत नाही. समजा, १९६३ मध्ये ब्रिटनने कौल पाळला असता. तीन जिल्हे सोमालियात गेले असते, आणि १९९१ मध्ये सोमालियाचं राज्यच कोसळलं. तेव्हा लाखो लोक उलट्या दिशेने, गारिसाजवळच्या दादाबच्या छावण्यांमध्ये, आसऱ्याला आले. 'बरं झालं गेले नाहीत' असं म्हणणारे केनियात भेटतात. मला हा युक्तिवाद पटत नाही. पुढे काय होणार हे १९६२ मध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि चुकीचा देश निवडण्याचा हक्क हाही स्वयंनिर्णयातच येतो. शिवाय त्या तीस वर्षांत केनियाने त्यांना राहण्यासारखं काय दिलं? १९६५ च्या आर्थिक धोरणपत्राने ठरवलं की पैसा आधी सुपीक जमीन, चांगला पाऊस आणि वाहतूक असेल तिथे घालायचा. एनएफडी आपोआप यादीबाहेर. वजीरहून नैरोबीला निघालेला माणूस 'केनियाला जाऊन येतो' म्हणायचा, अजूनही म्हणतात.

ब्रिटनचा खरा अपराध मला आयोग नेमण्यात दिसतो. कौल घ्यायचाच नव्हता तर तसं सांगायचं होतं. घेतला, छापला आणि गुंडाळला, यामुळे एका बाजूला 'आमची फसवणूक झाली' हा लेखी पुरावा तयार झाला, दुसऱ्या बाजूला 'हे फुटीर आहेत' हाही. नैरोबीच्या अधिकाऱ्यांनी पुढची कित्येक वर्षं दुसऱ्या पुराव्यावरच कारभार केला.

आज केनियन सोमालींमध्ये विलगीकरणाची मागणी जवळजवळ विझली आहे. २०१९ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे २८ लाख भरली. त्याआधी २००९ ची इथली आकडेवारी खोटी म्हणून सरकारने अडवली होती, तोही एक मोठा वाद. २०१० च्या नव्या घटनेने सत्ता ४७ काउंट्यांत वाटली आणि २०१३ पासून गारिसा, वजीर, मंडेराला आपापले निवडून दिलेले गव्हर्नर आणि निधी मिळाला. वसाहतकाळापासून पहिल्यांदाच इथला पैसा इथे ठरतो. माझ्या लेखी स्वयंनिर्णयाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट ही, जरी त्या पैशाच्या वाटणीत कुळांची नवी भांडणं शिरली असली तरी. अल शबाब या सोमालियातल्या दहशतवादी संघटनेचे हल्ले, विशेषतः एप्रिल २०१५ मध्ये गारिसा विद्यापीठात झालेली १४८ जणांची हत्या, यांमुळे संशयाचा जुना चष्मा पुन्हा चढला. त्याच्या एकच वर्ष आधी नैरोबीच्या ईस्टली भागातून सोमालींना पकडून कसारानीच्या स्टेडियममध्ये कोंडलं होतं.

मार्च २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा, जोमोंचे चिरंजीव, यांनी राज्याने केलेल्या अन्यायांबद्दल संसदेत माफी मागितली आणि दहा अब्ज शिलिंगांचा निधी जाहीर केला. तो वाटायचा कसा याचे नियमच पुढे वर्षानुवर्षं रखडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी सीमेवरच्या काउंट्यांतल्या तरुणांना ओळखपत्रासाठी लागणारी जादा छाननी रद्द केल्याचं जाहीर केलं. नैरोबीत काही जणांनी लगेच 'देशाची सुरक्षा' म्हणून ओरड केली. वजीर-मंडेराचे लोक आता नोंदणी कचेरीच्या खिडकीवर बघतायत की कारकून आजोबांचं कूळ विचारायचं खरोखर थांबवतो का.